झेंडा पुढे, इंजिन मागे

सहकुटुंब सहलीला जायचे तर मेट्टुपालयमहून उटीला चढणाऱ्या वाफेच्या गाडीनेच जावे, असे माझे ठाम मत आहे. त्यात जुन्या काळाविषयीचा हळवेपणा नाही. घर जसे चालते तशी चालणारी गाडी ही एवढीच, म्हणून. इतर गाड्यांत इंजिन पुढे असते आणि डबे मुकाट मागे येतात. असे घर कुणी पाहिले आहे? निलगिरीची गाडी चढते तेव्हा इंजिन सगळ्यांत मागे राहून डबे ढकलते. ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसत नाही, म्हणून पहिल्या डब्याच्या तोंडाशी एक ब्रेकवाला झेंडा घेऊन उभा असतो. आपल्याकडे हे काम बाबांकडे असते. तिकिटांचे कागद फडकावत ते सर्वांच्या पुढे, आणि स्वेटर, दशम्या, आवळासुपारी यांसकट सगळी वरात मागून रेटणारी आई. उतरताना तेच इंजिन पुढे होते आणि गाडीचा भार अंगावर घेऊन तिला आवरते. उटीच्या बाजारात चॉकलेटच्या दुकानांसमोर आई दुसरे काय करते?

कल्लार ते कुन्नूर हा खरा चढ. बारा फूट पुढे जावे तर एक फूट वर, आणि भोवती जंगल. नुसती चाके तिथे घसरतील, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्यांत अडकत वर सरकते. या इंजिनाला सिलिंडर चार. दोन नेहमीची चाके फिरवतात; त्यांतून बाहेर पडलेली वाफ फुकट न घालवता उरलेल्या दोघांत सोडतात आणि तिच्यावर दातेरी चाक चालते. मूळ इंजिने स्वित्झर्लंडची, पण हे वाचून ज्याला फोडणीची पोळी आठवणार नाही त्याने आपले मराठीपण तपासून घ्यावे. या मार्गाची कल्पना निघाली १८५४ मध्ये आणि गाडी कुन्नूरला पोचली १८९९ मध्ये. घरातल्या सहलीच्या बेताशी ताडून पाहता हा वेग बराच बरा.

यावर हिशेबी माणूस म्हणेल, ४६ किलोमीटरला जवळजवळ पाच तास? बस निम्म्या वेळात नेते. नेते ना, पण घाटात बस थांबवायला कुणाला तरी उलटी व्हावी लागते. इथे इंजिनालाच तहान लागते. ते हिलग्रोव्हसारख्या ठिकाणी पाणी भरून घेते, तोवर माणसे चहा पितात आणि माकडे माणसांचे खातात. दुसरा म्हणेल, कुन्नूरला वाफेचे इंजिन काढून डिझेलचे लावतात, मग पुढे मजा काय? खरे आहे; पण पुढे दातेही संपतात, चढही सौम्य होतो, आणि तोवर डबा रिकामा होऊन निम्मे घर पेंगुळलेले असते. त्यांना कोणतेही इंजिन चालते.

राहता राहिला अस्सल मराठी आक्षेप: एवढ्या लांब कशाला, माथेरान आहे की! आहे, आणि १९०७ पासूनची ती गाडीही गोड आहे. दात्यांविना, डोंगराला वळसे घालत चढते. पण तिच्या वाटेवर बोगदा एकच, आणि तोही इतका आखूड की त्याचे नावच ‘वन किस टनेल’. म्हणजे ती गाडी कुटुंब होण्याच्या आधीची. निलगिरीत बोगदे १६ आहेत आणि प्रत्येकात पोरे किंचाळतात.