‘तिकडे बघ, तिकडे!’

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सात-साडेसातला देवबागच्या किनाऱ्यावर उभे राहिलात, तर हा माणूस शोधावा लागत नाही. तो आधी ऐकू येतो. “बेटा, आज आपण काय बघणार आहोत? डॉल...?” उरलेला ‘फिन’ बेट्याच्या तोंडून येईल म्हणून तो थांबतो आणि आजूबाजूच्या लोकांकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहतो. बेट्याचं वय साडेतीन. बेट्याचं लक्ष जाळ्यातून निसटून वाळूत पळणाऱ्या एका खेकड्याकडे. ‘फिन’ शेवटी बापालाच म्हणावं लागतं.

याला आपण डॉल्फिनबाबा म्हणू. हा पुण्याहून येतो, ठाण्याहून येतो, अलीकडे कोल्हापूर-सांगलीहूनही येतो. अंगात अर्धी चड्डी, डोक्याला कालच मालवणच्या बाजारात घेतलेली टोपी आणि गळ्यात मोबाइलची प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. तिच्यातून काढलेला प्रत्येक फोटो धुक्यात काढल्यासारखा येतो. आयुष्यात एरवी हा वक्तशीर, हिशेबी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मुद्देसूद बोलणारा गृहस्थ असतो. पण मुलाला डॉल्फिन दाखवायचा एकदा त्याने मनावर घेतलं, की त्याचा पुरता धर्मप्रचारक होतो.

तयारी महिनाभर आधीपासून चाललेली असते. निळा कापडी डॉल्फिन येतो, डॉल्फिनच्या चित्राचा टीशर्ट येतो. रात्री जेवताना यूट्यूबवर परदेशातल्या कुठल्याशा तलावातले डॉल्फिन रिंगणातून उड्या मारतात, शेपटीवर उभे राहतात, नाकावर चेंडू तोलतात आणि तेवढ्यात पोराच्या तोंडात दोन घास जातात. भारतात असले खेळ नाहीत. 2013 साली केंद्र सरकारने डॉल्फिन कोंडून त्यांचे खेळ करायला मनाई केली. डॉल्फिनबाबाला हे ठाऊक असतं, तो ते अभिमानाने सांगतोही. मात्र पोराच्या डोक्यात रिंगण बसलं ते बसलंच. देवबागच्या समुद्रात रिंगण कोण धरतं, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि माझ्या मते तो अगदी रास्त आहे.

होडीत चढायचं तर लाइफ जॅकेट हवं. ते घालायलाच हवं, त्यात तडजोड नाही. पण बहुतेक होड्यांत जॅकेटं मोठ्यांच्या मापाची. साडेतीन वर्षांच्या मुलाला ते घातलं, पट्टे आवळले आणि फळीवर बसवलं की जॅकेट वर सरकतं आणि मूल आत उतरतं. बाहेर उरतात कपाळ आणि दोन डोळे. ते डोळेही होडीच्या काठाच्या चार बोटं खाली. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला पुढचे दोन तास दिसणार काय? बाबाचे गुडघे, एक गुंडाळलेला दोर, पेट्रोलचा कॅन आणि होडीच्या तळाशी साचलेलं पाणी. मुलाची याबद्दल काहीच तक्रार नसते. दोर चांगला जाड असतो.

होडी कर्लीच्या खाडीतून निघते. उजवीकडे देवबागची माडांची चिंचोळी पट्टी, समोर खाडीच्या तोंडाशी वाळूचा तो दांडा. हल्ली सगळे त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. डॉल्फिनबाबाचं समालोचन सुरू होतं. “बेटा, डॉल्फिन मासा नाहीये, मॅमल आहे. आपल्यासारखा. हवेत श्वास घेतो. आईचं दूध पितो.”

“मग तो चॉकलेट खातो?”

“नाही, मासे खातो.”

“तू पण मासे खातोस.”

कालची सुरमई थाळी आठवून बाबा विषय बदलतो. “आणि डॉल्फिन आपला राष्ट्रीय जलचर आहे, बरं का!” इथे होडीतला एखादा निवृत्त मास्तर खाकरतो. राष्ट्रीय जलचर म्हणून 2009 साली निवडला गेला तो गंगेतला डॉल्फिन. तो नदीतला, लांब चोचीचा, जवळजवळ आंधळा. कोकण किनाऱ्याजवळ दिसणारे बहुतेक डॉल्फिन समुद्रातले, पाठीवर उंचवटा असलेले, ‘हम्पबॅक’ जातीचे. मास्तरांनी हे सांगितलं की बाबा दिलखुलास हसतो, “हो हो, तेच म्हणतोय मी,” म्हणतो आणि मुलाला पुढच्याच वाक्यात गंगेचा संबंध जोडून देतो.

संगमावर नदी आणि समुद्र भेटतात तिथे होडी उडते. पुढचं टोक वर जातं, धाडकन आपटतं, पाणी अंगावर येतं. संपूर्ण सफरीत डॉल्फिनबाबा एवढ्याच ठिकाणी गप्प असतो. दोन्ही हातांनी फळी धरतो, डोळे किलकिले करतो, ओठ आत ओढतो. पोरगं मात्र जॅकेटच्या आतून खदखदून हसतं आणि “परत! परत!” म्हणून ओरडतं. होडी हाकणारा तांडेल त्याच्याकडे बघून पहिल्यांदाच हसतो. “झिलाक आवाडलां,” एवढंच म्हणतो. सफर इथेच संपवून सगळे परत फिरले असते तरी मुलाचे पैसे वसूल झाले होते. पण हिशेब बाबाचा असतो.

भोगव्याचा किनारा मागे पडतो, निवतीचे खडक दिसायला लागतात. तांडेल इंजिन बंद करतो आणि नुसता बघत बसतो. पाण्यावर पाखरं कुठे घिरट्या घालताहेत, तारल्यांचा थवा कुठे आहे, पाण्याचा रंग कुठे बदललाय, हे तो पाहतो. डॉल्फिनबाबाला मात्र हा कामचुकारपणा वाटतो. पाच मिनिटांत तो विचारतो, “काका, नक्की दिसतील ना? नाही दिसले तर?” या ‘तर’मध्ये पैसे परत मिळण्याची एक अंधुक आशा असते.

“गादे काय माझ्या पगारार नाय आसत, सायबानू,” तांडेल पाण्यावरची नजर न काढता म्हणतो. गादे म्हणजे डॉल्फिन. “गप रवा वायच.”

गप राहणं ही डॉल्फिनबाबाच्या प्रकृतीला न मानवणारी गोष्ट. तेवढ्यात दूरच्या एका होडीतून “आला, आला!” असा गलका उठतो. झालं! बाबा ताडकन उभा राहतो, होडी कलंडते, होडीतल्या कुणी आजीबाई “अगो बाई!” करतात. “काका, तिकडे चला, त्यांना दिसला! जवळ घ्या, जवळ घ्या!” सगळ्या होड्यांतले सगळे बाबा आपापल्या काकांना एकाच वेळी हेच सांगत असतात. मग सात-आठ होड्या धूर सोडत एकाच जागी धावतात. समुद्राच्या मध्यात सिंहगड रोडचा चौक तयार होतो आणि डॉल्फिन अर्थातच भलतीकडे निघून जातात.

ते दिसतात तेव्हा असे दिसतात: एक करडी पाठ पाण्यातून वर येते, तिच्यावरचा उंचवटा, त्यावरचं लहानसं पातं, फुस्स असा श्वासाचा आवाज, आणि खलास. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. ही जात उड्यांसाठी प्रसिद्ध नाही. तीन-चारदा पाठ दाखवते, मग खाली जाते आणि चांगली शंभर हात लांब उगवते. हसरा चेहरा बिहरा काही दिसत नाही. पण खरं सांगायचं तर तो श्वासाचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. एवढं मोठं जनावर आपल्यासारखंच दम घ्यायला वर आलंय, हे कानाने कळतं.

बाबाला मात्र आवाज ऐकायला वेळ कुठला? एका हाताने तो पोराला जॅकेटच्या पट्ट्याला धरून वर उचलतो, दुसऱ्या हातात मोबाइल. “तिकडे बघ, तिकडे! अरे तिकडे! माझ्या बोटाकडे नको, बोटाच्या पुढे बघ!” पोरगं बोटाकडेच बघतं. साडेतीन वर्षांचं कुठलंही मूल बोटाकडेच बघतं. “दिसला? दिसला ना? कसा होता?”

“हो,” पोरगं म्हणतं. बाबा कृतकृत्य होतो. ‘हो’ म्हटलं की खाली ठेवतात, एवढं त्या पोराला आतापर्यंत समजलेलं असतं.

पलीकडच्या बाजूला एक मादी आणि तिला चिकटून पोहणारं पिल्लू अगदी निवांत वर येऊन गेलेलं असतं. ते नेमकं आईला दिसतं. आई म्हणजे सुकी चड्डी, बिस्किटं, उलटीची गोळी आणि टॉवेल अशी पिशवी मांडीवर घेऊन सगळ्यात मागे बसलेली बाई. ती सांगायला जाते, पण बाबा व्हिडिओ घेत असतो आणि मध्ये बोललेलं त्यात येतं.

आणि मग ती घोषणा होते. “बाबा, शू.”

किनारा अर्ध्या तासावर. होडीत दहा माणसं. बाबाच्या चेहऱ्यावर सगळं जीवशास्त्र विरून जातं. “थोडं थांब ना बेटा, डॉल्फिन येतोय.” “आत्ता!” मग जॅकेटाचे ओले पट्टे सोडायची धडपड, तांडेलाची ‘जॅकेट काढू नुको’ म्हणून तंबी, आईने पुढे केलेली रिकामी बाटली आणि बाकीच्या आठ जणांनी एकमताने क्षितिजाकडे फिरवलेली तोंडं. नेमकं त्याच वेळी क्षितिजाच्या बाजूला तीन डॉल्फिन एका रांगेत वर येतात. होडीतल्या प्रत्येकाला दिसतात. पाठमोऱ्या बापलेकांना सोडून.

दुपारी थाळीची वाट बघताना व्हिडिओ उघडले जातात. त्यांत पाणी आहे, आभाळ आहे, बाबाचा अंगठा आहे आणि ‘तिकडे, तिकडे’ आहे. एका फोटोत काळा ठिपका सापडतो. त्याभोवती लाल गोल काढून तो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो: ‘अवनीशने डॉल्फिन पाहिला!!! झूम करा.’ मावश्या अंगठे पाठवतात. नागपूरचे काका विचारतात, ‘लाट आहे का ती?’ आजीचा व्हिडिओ कॉल येतो. “काय पाहिलं रे माझ्या राजाने?”

“खेकडा,” राजा सांगतो. “आणि बोट उडाली. आणि मी बाटलीत शू केली.”

“आणि अजून काय पाहिलं बेटा? डॉल...?”

डॉल्फिनबाबांनो, जायचं तर जरूर जा. पण लहान मापाचं जॅकेट असलेली होडी आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा, पोराला निघण्यापूर्वी शू करवा आणि तांडेल इंजिन बंद करून बसला तर त्याला बसू द्या, ‘जवळ घ्या’ म्हणू नका. नाहीच दिसला, तर पावसाळ्यात बंद असलेल्या होड्या पुन्हा सुरू झाल्या की पुढच्या मोसमात या. तोवर पोरगं चार बोटं वाढलेलं असेल, आणि काठावरून बघायला तेवढीच कमी पडतात.