आरशातला भाचा

सायकलच्या शर्यती खेळणाऱ्या मुलाबरोबर हिंडलं की मुलूख पाहून होतो, असा कुणाचा समज असेल तर त्याने एकदा माझ्या जागी, म्हणजे त्या मुलाच्या पुढे चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्हावर, बसून पाहावं. पुणे ते पाचगणी हा सगळा रस्ता मी पाहिला आहे, पण उजव्या हाताच्या आरशात. डोंगर, देवळं, उसाचे फड मागे मागे पळताना दिसतात आणि त्यांच्या मधोमध भाचेबुवांचं हेल्मेट. पसरणीच्या घाटाला वळणं किती, ते मला सांगता येणार नाही. हेल्मेटवर डाव्या बाजूला (म्हणजे खरं तर उजव्या) एक ओरखडा आहे, तो मात्र झोपेतून उठवलंत तरी काढून दाखवीन.

भाचेबुवा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे चिरंजीव, वय वर्षं 19. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शर्यतीची सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी असून चालत नाही. आमच्याकडे हा नियम मोडायची भीती नाही. भाचेबुवांची सायकल आठ किलोंच्या घरात आहे आणि वरचा सव्वा किलो उतरवायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात ताईच्या स्वयंपाकघराचा ओटा नवा होईल. तेव्हा तो सव्वा किलो सायकलऐवजी भाचेबुवांच्या अंगावरून उतरवावा, असं घरात बहुमताने ठरलं आहे.

या सायकलच्या किमती तीन आहेत. एक आजीला सांगायची, एक भावोजींना सांगायची आणि एक खरी. चौथी रस्त्यावर भेटणाऱ्यांसाठी, ती ठरवायचा अधिकार माझ्याकडे, कारण भाचेबुवा थांबत नाहीत आणि चौकशा माझ्या वाट्याला येतात. शिरवळच्या एका चहावाल्याने सायकल हातात उचलून तोलली, भिंतीला टेकवली आणि विचारलं, "लाखाची म्हणता, आन् ह्येला ष्टँड न्हाई?" त्यावर माझ्याजवळ आजही उत्तर नाही. स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. आमच्या लहानपणी एवढ्या वस्तू गेलेली सायकल भंगारवाला वजनावर घ्यायचा.

पाय गुळगुळीत करण्याचं प्रकरण मात्र आजीपासून लपवता आलं नाही. शर्यतवाले पायांवरचे केस काढतात. पडल्यावर खरचटलेली जागा साफ करायला सोपं जातं, मालीश नीट होतं आणि वाराही थोडा कमी अडतो म्हणतात. आजीने ते पाय पाहिले आणि शांतपणे विचारलं, "डोक्याचे काढतात ते कोणी गेलं म्हणजे. पायाचे काढायला कोण गेलंय रे?" भाचेबुवांनी तिला हवेच्या अवरोधाबद्दल समजावून सांगितलं. आजी म्हणाली, "मग मिश्या ठेवल्यास त्या कशाला?" दुसऱ्या दिवशी मिश्याही गेल्या.

भाचेबुवांचा भूगोलही निराळा. सिंहगड म्हटलं की तुम्हाआम्हाला तानाजी आठवतो, नाहीतर पिठलं-भाकरी. भाचेबुवांना आठवते ती चढण. शंभर मीटर पुढे जाताना सात मीटर वर गेलात की सात टक्के, असा तो हिशेब. कात्रजचा जुना घाट, बोपदेव, खंबाटकी, पसरणी ही सगळी मंडळी त्यांच्या वहीत टक्क्यांनी नोंदलेली. एका लग्नात मुलीकडच्यांनी गाव सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे ते चार टक्क्यांनंतर डावीकडे लागतं तेच ना?" मुलीच्या मामांना वाटलं, बोलणी व्याजाबद्दल चालली आहेत.

मोठ्या स्पर्धा बहुतेक हिवाळ्यात उरकतात आणि मग येतो तो सुट्टीचा काळ. या काळात भाचेबुवांचे कोच सर पहिले काही दिवस सायकलला हात लावू देत नाहीत. सायकल न चालवणारा सायकलपटू ही घरात ठेवण्याजोगी गोष्ट नाही. शर्यतवाल्यांची एक जुनी शिकवण आहे: बसता येत असेल तर उभं राहू नये, आडवं होता येत असेल तर बसू नये. पाय फक्त पेडलसाठी. त्यामुळे सिंहगडावर सायकलने जाऊन परत येणारा हा मुलगा पहिल्या मजल्यावर लिफ्टने जातो. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तर माझ्याकडे अ‍ॅक्टिव्हाची किल्ली मागतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट गाजवणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. हा किताब एक दिवस आपल्याला मिळावा असं भाचेबुवांच्या मनात आहे आणि सोसायटीची लिफ्ट बंद पडली की राजे खालून आईला फोन करतात, "पिशवी खाली सोड."

भावोजींना या सगळ्याचं भविष्य दिसत नाही. "सायकल मारून पुढे काय?" असं ते महिन्यातून एकदा विचारतात. भाचेबुवांचं उत्तर ठरलेलं: "खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागतात." त्यावर भावोजी म्हणतात, "मग आतापासून रेल्वेनेच जात जा, सवय होईल."

पावसाळ्यात ताईच्या हॉलमध्ये ट्रेनर नावाचं यंत्र बसतं. मागचं चाक काढून सायकल त्यावर चढवायची, समोर टीव्ही, बाजूला पंखा, खाली जुनी सतरंजी आणि मग जागच्या जागी दोन तास. टीव्हीवर झ्विफ्ट नावाचा खेळ. त्यात वाटोपिया म्हणून एक बेट आहे. बेट काल्पनिक, त्यावर ज्वालामुखीही आहे आणि चढ आला की यंत्र खरोखर जड होतं. जगभरचे लोक आपापल्या घरात घाम गाळत त्या बेटावर शर्यत लावतात. जो मुलगा खऱ्या पानशेतला बहिणीबरोबर सहलीला यायला कंटाळतो, तो रोज संध्याकाळी या नसलेल्या बेटाला प्रदक्षिणा घालतो. खालच्या मजल्यावरचे काका वर आले ते हातात डबा घेऊन. म्हणाले, "आवाजावरून वाटलं गिरणी टाकलीत. म्हटलं दळण देऊन बघावं." एकदा ज्वालामुखीच्या ऐन चढावर लाइट गेली. अंधारात भाचेबुवांचा आवाज आला, "मी तिसरा होतो!" ताईने मेणबत्ती लावली आणि तिसऱ्या आलेल्या मुलाला घाम पुसायला टॉवेल दिला.

गणपतीत आणखी पंचाईत. स्वयंपाकघरातला काटा ताईने केकसाठी घेतला होता, आता त्यावर भात तोलला जातो. गौरीच्या जेवणाला भाचेबुवांनी पहिला मोदक काट्यावर ठेवला तेव्हा घरात शांतता पसरली. उकड तांदळाची, आत गूळ, म्हणजे पिष्टमय पदार्थ चांगले, पण खोबऱ्याच्या स्निग्धतेचं काय, असा पेच होता. आजीने काट्यावरचा मोदक उचलला, त्यावर तूप ओतलं आणि परत काट्यावर ठेवला. "आता कर वजन."

दसऱ्यानंतर मात्र घरात शिस्त येते आणि आता तिला भावोजींचाही पाठिंबा असतो. 2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, परदेशी मंडळी आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवरून गेली आणि त्यांच्या निमित्ताने कित्येक रस्त्यांना डांबर लागलं. तेव्हापासून सायकलपटू हा समाजाला उपयोगी प्राणी आहे असं भावोजीही मानू लागले आहेत. आमच्या गल्लीतून एखादा टप्पा नेता येईल का, अशी चौकशी त्यांनी भाचेबुवांकडे केली होती.

तर, डिसेंबरात पाचगणी. पहाटे पाचला निघालो. माझ्याकडे सामान: दोन ट्यूब, पंप, चार बाटल्या, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, हुकाला केळ्यांची पिशवी आणि डिकीत मीठ लावलेले उकडलेले बटाटे. लांबच्या पल्ल्यात तासाला 60 ते 90 ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत, असं शास्त्र आहे. भूक लागण्याशी त्याचा संबंध नाही. घड्याळ वाजलं की खायचं. खेड शिवापूरला मला मिसळीचा वास आला. भाचेबुवांचं घड्याळ वाजलं. मी गरम रश्श्याकडे पाहत एक थंड बटाटा सोलला, चालत्या सायकलवर त्यांच्या हातात दिला आणि आम्ही पुढे गेलो. याला फीड देणं म्हणतात. आजी याला अन्नाचा अपमान म्हणते.

हायवेवर दोघांमध्ये अंतर ठेवून चालायचं, अशी कोच सरांची ताकीद होती. नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो, खंबाटकी चढलो. (तेव्हा बोगदा फक्त पुण्याकडे येणाऱ्यांना होता. साताऱ्याकडे जाणाऱ्याला घाटच चढावा लागे, म्हणून भाचेबुवांचं या घाटावर विशेष प्रेम.) सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो आणि माझी परीक्षा सुरू झाली.

स्कूटरमागे सायकल चालवण्याचा सराव असतो. पुढच्याने हवा कापायची आणि मागच्याने त्या आडोशाला राहायचं. आडोशाला ताकद चांगलीच कमी लागते, त्यामुळे एकट्याने झेपणार नाही असा वेग धरता येतो. हुकूम होता ताशी 45 चा. 44 नाही, 46 नाही. भाचेबुवांचं पुढचं चाक माझ्या नंबरप्लेटपासून हातभर. मी ब्रेक मारला तर ते माझ्या सीटवर येणार. आणि हे सगळं महाराष्ट्रातल्या रस्त्यावर, जिथे स्पीडब्रेकर आधी लागतो आणि त्याची पाटी नंतर.

खुणा ठरल्या होत्या. खड्ड्याला एक हॉर्न, स्पीडब्रेकरला दोन. पण या रस्त्यावर हॉर्न वाजवणारा मी एकटाच कुठे? मागून येणाऱ्या एसटीने दोनदा वाजवला आणि भाचेबुवा सपाट रस्त्यावर उठून उभे राहिले. मग हॉर्न रद्द करून हात दाखवायचं ठरलं. मी डाव्या हाताने खड्डा दाखवला. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला वाटलं माझं काही पडलं. तो बिचारा थांबला, शोधायला लागला. परतीच्या वाटेवर तो अजून शोधत असलेला दिसला असता तरी नवल नव्हतं.

पुढे उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मागे दोन ट्रॉल्या, त्यांवर ऊस, उसावर दोन माणसं आणि पुढे जोरात लावलेलं गाणं. वेग वीसचा. ओलांडायला जागा नाही. भाचेबुवांनी मला सोडलं आणि सरळ ट्रॉलीच्या आडोशाला गेले. एवढा मोठा आडोसा त्यांना जन्मात मिळाला नव्हता. वरच्या माणसाने वाकून पाहिलं आणि उसाचं एक कांडं खाली धरलं. भाचेबुवांनी ते घेतलं, चावलं आणि मला ओरडून विचारलं, "मामा, ह्यात किती ग्रॅम धरायचे?"

ट्रॅक्टर वळला, आम्ही पुन्हा पंचेचाळीसला आलो आणि तेवढ्यात शेळ्या. पन्नासेक असतील. म्हाताऱ्या मेंढपाळाने आमच्याकडे पाहिलं, शेळ्यांकडे पाहिलं आणि कोणाला आधी जाऊ द्यावं याचा निर्णय शेळ्यांच्या बाजूने दिला. मी वेग हळूहळू उतरवला. आरशात भाचेबुवांचा चेहरा पाहिला. एवढं दुःख त्यांनी बारावीच्या निकालालाही केलं नव्हतं.

वाईत ढोल्या गणपतीला हात जोडायला थांबू म्हटलं तर "मामा, पाय गार होतील." मी चालत्या स्कूटरवरून नमस्कार केला, भाचेबुवांनी तो खड्डा समजून चुकवला. मग पसरणीचा घाट. वाईपासून पाचगणीपर्यंत अकरा-बारा किलोमीटर, सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. इथे माझी अ‍ॅक्टिव्हा त्यांच्या वेगाला जुळवून घेताना आचके देत होती आणि ते मात्र एका लयीत वर येत होते. तोंड उघडं, नजर हँडलवरच्या छोट्या पडद्यावर. खाली धोमचं पाणी उन्हात चमकत असणार. लोक तरी तसं सांगतात. एका वळणावर मी पाणी द्यायला थांबलो तेवढ्यात कठड्यावरचं माकड आलं आणि हुकावरची पिशवी घेऊन गेलं. त्याने केळी सोलूनच खाल्ली.

वर पोहोचलो. टेबललँड पाहून येऊ म्हटलं, तर म्हणाले, "चालावं लागतं." रस्त्याच्या कडेला ते आडवे झाले, पाय भिंतीवर. मी स्ट्रॉबेरी आणि क्रीम घेतलं. त्यांनी माझ्या वाटीतल्या क्रीम न लागलेल्या तीन स्ट्रॉबेऱ्या शोधून खाल्ल्या आणि सगळी आकडेवारी कोच सरांना पाठवली.

मी चमचा चाटत होतो तेवढ्यात फोन माझाच वाजला.

"मामा, सुरूर-वाई मधे वेग एकदम नऊवर आलाय."

"शेळ्या होत्या."

"फाइलमध्ये दिसत नाहीत. बरं, शेवटच्या तासात 80 ग्रॅम ठरले होते, चाळीसच भरतायत."

"उरलेले माकडाने घेतले."

सर थोडा वेळ गप्प राहिले. बहुधा माकडाचं गणित मांडत असावेत. मग म्हणाले, "पुढच्या वेळी केळी डिकीत ठेवा."

"डिकीत बटाटे असतात," मी म्हटलं.