पाहुण्याचं अंतर

पोर्ट्रेटसाठी लेन्स कुठली घेऊ, असं कुणाही फोटोग्राफरला विचारा, उत्तर येतं, "८५ घे, डोळे झाकून." ज्याचं पोट डोळ्यांवर चालतं, त्यानं असा सल्ला द्यावा ही गंमतच.

सल्ला मात्र खोटा नाही. डोकं-खांदे चौकटीत बसवायचे तर ३५ मिलिमीटरची लेन्स घेऊन माणसापासून जेमतेम दोन फुटांवर जावं लागतं. तिथून नाक जवळ, कान त्या मानानं लांब. म्हणून नाक पुढं सरसावतं आणि कान मागं दडतात. ८५ घेतली की दीड मीटरपर्यंत मागं सरकणं आलं, आणि चेहरा ताळ्यावर येतो. थोडक्यात, नाक मोठं करते ती लेन्स नव्हे, जवळीक. सेल्फीचं खापर आपण उगाच मोबाइलवर फोडतो. दोष आपल्या हाताच्या लांबीचा.

१८४० साली व्हिएन्नातल्या योझेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकानं खास चेहऱ्यांसाठी लेन्स आखली. त्याआधी फोटोसाठी मिनिटंच्या मिनिटं न हलता बसावं लागे. ही लेन्स कितीतरी जास्त उजेड आत घेई, त्यामुळे माणसाची लवकर सुटका होऊ लागली. तिच्या फोटोत मध्य लखलखीत आणि कडा विरघळलेल्या. तेव्हाचा हा दोष आज हौसेनं विकत घेतला जातो.

मावशीला मात्र हे विरघळणं पटत नाही. ८५ च्या लेन्सनं, ॲपर्चर १.८ वर म्हणजे लेन्सचं भोक बरंच उघडं ठेवून, दीड मीटरवरून जेमतेम तीन सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळ्याच्या पापणीचा केस न केस मोजून घ्यावा, पण कानातली कुडी धुक्यात. "अरे, एवढी महागाची लेन्स, आणि मागचा नवा सोफा दिसतच नाही?" मावशीचं बरोबर आहे. चेहरा तिला रोज आरशात दिसतो. फोटो काढायचा तो सोफ्याचा आणि कुड्यांचा. अशा वेळी भोक बारीक करून ॲपर्चर मुकाट्यानं ८ वर न्यावं.

शिवाय दादरच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट आणि शिलाई मशीन वजा जाता दीड मीटर उरतो कुठं? छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ७५-८० चं काम करते, तेही बरंच स्वस्तात. पण मागं सरकणं काही टळत नाही. पैसे वाचतात, पाठ कपाटाला टेकायची ती टेकतेच.

दीड मीटर म्हणजे दिवाणखान्यात पाहुणा बसतो ते अंतर. आवाज न चढवता बोलता येतं, आणि कुणी कुणाच्या फार जवळही जात नाही. म्हणूनच ८५ च्या फोटोत सगळे जरा बरे, जरा सभ्य दिसतात.

आईचा फोटो मात्र मोठ्या सेन्सरवर ५० लावून, हाताच्या अंतरावरून काढावा. तिला आपण पाहुण्याच्या जागेवरून कधी पाहिलेलंच नसतं. नाक थोडं पुढं येईल. ती तक्रार करेलच. तेव्हाच बटण दाबावं.