पाव फेरावाले

जुन्या सुपरचार्ज्ड स्पोर्ट्स कारचा मालक सकाळी गाडी सुरू करून लगेच निघत नाही. इंजिन चालू ठेवून तो बाहेर उभा राहतो आणि मान तिरकी करून ऐकतो. यावरून पाव फेरावाला ओळखावा. टोयोटाची पहिली एमआर-टू बाळगणाऱ्यांत ही जमात विशेष आढळते. सोळाशे सीसीचे सुपरचार्ज्ड इंजिन घेऊन ही गाडी जपानात १९८६ साली आली. अमेरिकेत १४५ अश्वशक्तीचे हे रूप १९८८ आणि १९८९ या दोनच वर्षांत विकले गेले. तिथल्या उपनगरात ज्याच्या दारात ती आजही उभी आहे, तो स्वतःला मालक कमी आणि विश्वस्त जास्त समजतो.

थंड इंजिनाने जास्त फेरे घ्यावेत, ही निर्मात्याचीच इच्छा असते. थंडीत पेट्रोलची धड वाफ होत नाही, तेल घट्ट असते. जुन्या स्कूटरचा चोक ओढून जे साधायचे तेच इथे आपोआप साधले जाते. थ्रॉटल मिटलेला असला तरी त्याला वळसा घालून जास्तीची हवा आत सोडणारी एक झडप असते. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत तिच्या पोटात मेण असे. कूलंट तापले की मेण फुगते, झडप मिटते आणि फेऱ्यांची सुई आठशेच्या आसपास स्थिरावते. तोवर पंधराशे-अठराशे फेरे म्हणजे तब्येत ठणठणीत. हे सगळे पाव फेरावाल्याला तोंडपाठ असते. अडचण ज्ञानाची नाहीच.

अडचण स्क्रूची आहे. थ्रॉटल बॉडीवर आयडल लावायचा एक स्क्रू असतो. तो तापलेल्या इंजिनासाठी आहे, असे मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेले असते, आणि या गृहस्थाकडे मॅन्युअलच्या दोन प्रती असतात: एक वाचायची, एक तेलकट हातांची. तरीही सकाळी सुई बावीसशेवर गेली की तो स्क्रू पाव फेरा आवळतो. सुई अठराशेवर येते. चेहऱ्यावर समाधान येते. पुढे इंजिन तापते, झडप आपले काम करते आणि भर रहदारीतल्या सिग्नलला, हेडलाइट नि हीटरचा पंखा चालू असताना, गाडी बंद पडते. संध्याकाळी तोच पाव फेरा सैल होतो. अशा गाडीच्या स्क्रूची खाच पार झिजलेली असते. भोवती आधी पांढऱ्या, मग पिवळ्या, मग लाल रंगाची खूण असते. मूळ जागा कोणती, हे त्यालाही सांगता येत नाही.

रोगाचा पहिला आळ सुपरचार्जरवर जातो. हा शुद्ध अन्याय आहे. या गाडीत सुपरचार्जर विद्युतचुंबकी क्लचने जोडला जातो, आणि आयडलला तो क्लच सुटलेला असतो; बिचारा त्या वेळी फिरतही नाही. खरे दुखणे बहुधा पाण्यात असते. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर थेट नाकात, आणि मधल्या लांबलचक पाइपांत हवा अडकली की गरम कूलंट झडपेपर्यंत पोचत नाही. गाडी तापते, झडपेला मात्र अजून पहाटच वाटत असते. दुसरा संशयित रबर. थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असल्याने तिथपासून सिलिंडरपर्यंतचा प्रत्येक सांधा आयडलला निर्वातात असतो, आणि पस्तीस वर्षांचा होज कुठेतरी चिरलेला असतोच. सांध्यावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारून फेरे बदलतात का ते ऐकावे. तापलेल्या एक्झॉस्टजवळ अर्थातच नव्हे. सुई झोके घेत असेल, तर गोष्ट निराळी. पाय पेडलवर नाही आणि फेरे चढे आहेत, म्हणजे गाडी उतारावर आहे, असे समजून संगणक पेट्रोल तोडतो, फेरे पडले की पुन्हा देतो. जास्तीची हवा शोधून बंद करेपर्यंत हा खेळ थांबत नाही.

कूलंटमधली हवा काढायला अख्खी दुपार जाते: बॉनेटला पारदर्शक नळ्या टांगायच्या, बुडबुडे संपेपर्यंत ओतत राहायचे. स्क्रूला दहा सेकंद पुरतात. शिवाय स्क्रू फिरवताना शेजारी थांबून विचारतो, "आज किती?" बुडबुड्यांना तसा प्रेक्षक नसतो. अशी दोन माणसे भेटली की मुलाबाळांची चौकशी मागाहून. आधी थंडीतले फेरे. बायको मात्र रोज दुसरी गाडी नेते आणि वेळेवर पोचते.

शेवटी एखादा मेकॅनिक हवा काढतो, दीड इंचाचा होज बदलतो, थ्रॉटलची केबल किंचित सैल करतो आणि स्क्रू गरम इंजिनावर आठशेला लावून देतो. सकाळी सुई सोळाशेवर जाते, तिथून शहाण्यासारखी खाली उतरते. चार दिवस मालक अस्वस्थ असतो. पाचव्या दिवशी "जरा कमीच वाटतंय" असे पुटपुटत तो खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढतो. गाडी विकायला निघते तेव्हा जाहिरातीत शेवटची ओळ असते: थंडीत आयडल थोडे चढे, किरकोळ ॲडजस्टमेंट.