ठेक्यातला अपुरा सहकारी : ओळख, वापर व देखभाल

ठेक्याच्या कामातला अपुऱ्या तयारीचा सहकारी भिलाईच्या मरोदा भागात बाराही महिने आढळतो. शटडाऊनच्या आठवड्यात त्याची संख्या वाढते. भिलाई पोलाद कारखान्याचे पाणी मरोद्याच्या जलाशयातून जाते आणि दल्ली राजहऱ्याचे लोहखनिज दुर्गच्या रेल्वेमार्गाने मरोदा स्टेशनावरूनच येते. पाणी आणि दगड या दोहोंची तपासणी होते. गेटपास गळ्यात अडकवून सायकलवर निघालेल्या फिटरची तपासणी गेटपासपुरतीच होते.

हा सहकारी कसा तयार होतो हे आधी समजून घ्यावे. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हाच्या कामगारांच्या पिढीला सोव्हिएत तंत्रज्ञांनी हाताला धरून शिकवले आणि त्या पिढीने पुढच्यांना शिव्या देत शिकवले. दोन्ही पद्धती चालल्या. पुढे देखभालीची बरीच कामे ठेक्यावर गेली, जुने लोक निवृत्त झाले आणि शिव्या तेवढ्या उरल्या. निविदेत फिटर किती, वेल्डर किती, खलाशी किती हे लिहिलेले असते. ठेकेदाराला ती संख्या भरायची असते आणि भाचा घरी रिकामा बसलेला असतो.

किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि उच्चकुशल अशा श्रेणी आहेत. भाचा यांपैकी नेमक्या जिथे जागा रिकामी आहे त्या श्रेणीत बसतो.

ओळख पटवण्याची खात्रीची चाचणी एकच. एम-२० च्या बोल्टला कितीचा पाना लागतो, असे सहज, चहा पिताना विचारावे. उत्तर ३० आहे. जाणकार ते चहाचा घोट न थांबवता देतो. शिकाऊ माणूस २४ म्हणतो, कारण त्याने एम-१६ चे काम केलेले असते. हा मनुष्य होतकरू समजावा. तिसरा काहीच न बोलता पेटीतून स्क्रू-पाना काढतो आणि म्हणतो, “होऊन जाते नं भाऊ.” शोध इथे थांबवावा. स्क्रू-पान्याने नट सुटत नाही, त्याचे कोपरे सुटतात, आणि मग तो गोल झालेला नट गॅसने कापायला दुसराच कोणी टाचा उंचावून उभा असतो.

प्रत्यक्ष कामात त्याला फ्लँज देऊ नये. द्यावीच लागली तर पाठ फिरवू नये. गॅस्केट बसवून झाल्यावर तो पहिला बोल्ट जीव खाऊन आवळतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, असा प्रदक्षिणा घालत येतो. गॅस्केट एका बाजूला चेपते, समोरच्या बाजूला फट राहते आणि पंप सुरू होताच पाण्याची बारीक धार नेमकी पाहणीला आलेल्या साहेबाच्या शर्टावर पडते. बोल्ट समोरासमोर आवळायचे असतात: वरचा, मग खालचा, मग उजवा, मग डावा, आधी हलक्या हाताने, मग अर्ध्या जोराने, मग पूर्ण. हे त्याला सांगितल्यावर तो मान डोलावतो. मान डोलावणे ही पोच आहे, आकलन नव्हे. खडूने बोल्टवर आकडे घालून द्यावेत. आकड्यांपुढे तो कधीच वाद घालत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

बेअरिंगजवळ असताना त्याच्या हातातला हातोडा काढून घ्यावा. कारण विचारू लागल्यास सांगावे की शाफ्टवर बसवायच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर घाव घातला की तो गोळ्यांमधून आतल्या कड्यापर्यंत जातो, खड्डे पडतात आणि ते बेअरिंग महिनाभरात ओरडू लागते. तेव्हा रात्रपाळीला कोण असते हे इथे लिहिण्याची गरज नाही.

वेल्डिंगच्या बाबतीत नियम छोटा आहे: ७०१८ च्या कांड्या ओव्हनमध्येच ठेवाव्यात, त्याच्या डब्याच्या पिशवीत नाही.

परमिट आणि कुलूप या बाबतीत विनोद बंद ठेवावा. मोटरचा वीजपुरवठा तोडल्यावर ज्याने त्याने आपले कुलूप लावायचे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. सहकाऱ्याने “मी लावलं भाऊ” म्हटले तरी जाऊन पाहायचे. गॅसच्या जागी तर त्याला एकट्याला अजिबात पाठवू नये, आणि स्वतःही एकटे जाऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. १२ जून २०१४ रोजी याच कारखान्यातल्या गॅसगळतीत सहा जण गेले आणि त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते, म्हणजे तिथे पदवी आणि हुद्दा पाहिला जात नाही. गॅसचा मीटर किंचाळला की आधी बाहेर. कोणी आत पडला असेल तर मास्कशिवाय धावणारा दुसरा बळी होतो, आणि धावण्यात हा सहकारी सर्वांत पुढे असतो; त्याला कॉलर धरून थांबवावे लागते.

आता या प्रकरणातला दुसरा पक्ष. अपुऱ्या सहकाऱ्याच्या नावाने जेवणाच्या सुट्टीत खडे फोडणारा पुरा सहकारी हाही अभ्यासाचा विषय आहे. “सरक, मीच करतो” हे त्याचे आवडते वाक्य. तो डायल गेज लावून कपलिंग जुळवतो तेव्हा पाठ अशी वळवतो की मागच्याला काटा दिसू नये. मग घरी जाऊन सांगतो की सगळं मलाच करावं लागतं. खरे आहे, त्याने तशी व्यवस्थाच केलेली असते. वर्षानुवर्षे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मोटरच्या पायाखाली शिम किती आणि का घालतात हे कळले नसेल, तर त्यात दोघांची मेहनत आहे. शिम हातात देऊन काटा त्यालाच वाचायला लावावा. पहिल्यांदा तो उणे-अधिक उलटे वाचतो. वाचू द्यावे, पंप अजून बंदच आहे.

अपुऱ्या सहकाऱ्याचा उपयोगही नोंदवला पाहिजे. गेटवर अडकलेला पास तोच सोडवून आणतो. क्रेनवाल्याचा मूड त्याला कळतो. भर मे महिन्यात, लोखंड हाताला चटके देत असताना, थंड पाणी कुठून येते हे फक्त त्याला ठाऊक असते. कोणाच्या घरी आजारपण असले की पहिला फोन त्याचा येतो, आणि तोही “काही लागलं तर सांगा भाऊ” एवढ्यावर न थांबता तो रात्री दवाखान्यात येऊन बसतो.

नोंदवहीत मात्र भीड ठेवू नये. कोणी काय आवळले, कोणत्या वेळी, कोणाच्या देखरेखीखाली, एवढे सरळ लिहावे, विशेषणे टाळावीत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी असे ठरवून दिले. काम बुडाले तर ते कोणी भरून द्यावे याबद्दल कायदा गप्प राहिला, आणि प्रथेप्रमाणे ते शेजारच्या माणसाने रविवारी येऊन भरून द्यायचे असते. वही नीट लिहिलेली असली तर निदान त्या रविवारची हजेरी लागते.

ठेक्याची मुदत संपली की निविदा नव्या ठेकेदाराला जाते. माणसे तीच राहतात, हेल्मेटचा रंग बदलतो. या उलथापालथीत अपुरा सहकारी सुपरवायझर होऊन परतण्याची शक्यता बरीच असते, कारण गेटवर ओळख त्याचीच. तसे झाल्यास “साहेब” म्हणावे, सकाळचे परमिट त्याच्यासमोर मोठ्याने वाचून मगच सही घ्यावी, आणि फ्लँजच्या बोल्टांवर खडूचे आकडे घालणे चालू ठेवावे. नवा भाचा सोमवारी हजर होतो.