जोयड्यात शार्क गुण्यागोविंदाने नांदवण्याची पद्धत

घरात वाघ पाळायला कायदा आडवा येतो. शिवाय काळी व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत राहणाऱ्या जोयडेकरांना वाघाचं कौतुक ते किती असणार? पाहुण्यांवर छाप पाडायची तर शार्कच हवेत, आणि तेही एकाहून अधिक. इच्छुकांनी पुढील नियम क्रमाने पाळावेत.

1. कुळाची चौकशी. दुकानात मिळणारे रेड टेल, रेनबो आणि बाला हे तिन्ही ‘शार्क’ गोड्या पाण्यातले, रोहू-कटल्याच्या गोतातले आहेत. चौथा इरिडिसंट शार्क म्हणजे पंगास. हॉटेलात बासा म्हणून आपण त्याच्यावर लिंबू पिळतो. ही माहिती पाहुण्यांना देऊ नये.

2. टाकीची तयारी. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन. काच, वाळू आणि दगड वेगळे. सारवलेल्या जमिनीवर स्टँड ठेवण्याआधी लेव्हल लावून पाहावी. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतं, ही शहरापेक्षा आपली जमेची बाजू. मात्र मासे लगेच सोडू नयेत. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाहुण्यांना नुसतं पाणी दाखवावं.

3. सहवास. इथे खरी परीक्षा. रेड टेल जेमतेम वीतभर वाढतो, पण टाकीतला एक दगड स्वतःच्या नावावर करून घेतो आणि जवळ येणाऱ्याला पळवून लावतो. स्वतःच्या जातीचा दुसरा तर त्याला डोळ्यांसमोर नको. रेनबो त्याचा सख्खा चुलत भाऊ, म्हणजे वैर आलंच. उपाय एकच, वाटणी: एका टाकीत एकच. बालाचं नेमकं उलट. तो एकटा ठेवला तर बुजतो, म्हणून निदान पाच हवेत. प्रत्येक जण फूटभर वाढणार आणि दचकला की उडी मारणार. तेव्हा मोठी टाकी आणि वर घट्ट झाकण. पंगास दुकानात बोटाएवढा असतो, पुढे माणसाच्या छातीपर्यंत पोचेल इतका लांब होऊ शकतो. त्याला टाकी पुरत नाही, तळं लागतं.

हिशेब असा: रेड टेलला ओसरी, रेनबोला माजघर, बालांना पडवी आणि पंगासला परसू. घरच्या मंडळींनी गोठ्यात सोय पाहावी. पाण्याला जागा करून देणं या तालुक्याला नवं नाही. सुपा धरणाच्या पाण्यात जुनं सुपा गाव गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. तेव्हाही कुणी पाण्याला हलायला सांगितलं नव्हतं.

4. वीज. या माशांना 24 ते 27 अंश उबेचं पाणी लागतं. थंडीच्या रात्री हीटर हवा, आणि एअर पंप तर चोवीस तास. धरण गणेशगुडीला, म्हणजे आपल्याच उशाशी असल्यामुळे वीज अखंड मिळेल असा समज करून घेऊ नये. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की धरणही अंधारात आणि आपणही. बॅटरीवर चालणारा पंप घेऊन ठेवावा.

5. खऱ्या शार्कचा हट्ट. काहींना अस्सलच माल लागतो. त्यांच्यासाठी बांबू शार्क आहे: समुद्राच्या तळाशी दिवसभर पडून राहणारा, रात्री हिंडणारा. त्याला हजारो लिटर खारं पाणी लागतं. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार, म्हणजे दोन हजार लिटरला सत्तर किलो. हे मीठ रेशन दुकानातलं चालत नाही, मत्स्यालयाचं खास आणावं लागतं. एवढं करून पाहुणे आले की शार्क झोपलेला असतो.

6. निरोप. कंटाळा आल्यास मासे काळी नदीत किंवा सुपा जलाशयात सोडू नयेत. या नियमात विनोद नाही. परके मासे तिथे रुजले तर नदीतल्या खडसासारख्या मूळच्या माशांच्या अन्नावर आणि अंड्यांवर गदा येते, आणि रोगही पसरतात. आणि रेड टेलचं उदाहरण लक्षात ठेवावं: 1996 मध्ये तो निसर्गातून संपला अशी नोंद झाली होती. पुढे थायलंडमध्ये थोडे सापडले, पण आज जगभरच्या टाक्यांमध्ये फिरतात ते सगळे पैदास केंद्रांतले. नदी रिकामी आणि दिवाणखाने भरलेले, अशी वाटणी एकदा झालेली पुरे.

इतकं वाचूनही लहान शार्क एकत्र, न भांडता, खांद्याला खांदा लावून राहिलेले पाहायचेच असतील, तर अणशी घाट उतरून कारवारच्या मासळी बाजारात जावं. तिथे मोऱ्या बर्फावर अशाच पडलेल्या असतात. हीटर लागत नाही, आणि मीठ घरचंच चालतं.