घरातलं जातं पुन्हा चालू करताना : नवशिक्या पुरुषांसाठी मार्गदर्शिका

हे यंत्र विजेवर चालत नाही, गॅसवर चालत नाही, त्यात सेल घालावे लागत नाहीत. सगळं अंग काळ्या दगडाचं, फिरणारा भाग एकच, वॉरंटी पणजीच्या लग्नापासून सुरू. परभणी जिल्ह्यात ज्यांचं जुनं घर अजून उभं आहे, त्यांच्याकडे ते असणारच. फक्त कुठे आहे ते शोधावं लागतं.

आधी न्हाणीपाशी पाहा. ज्या गोल दगडावर सगळं घर टाचा घासतं, ती बहुधा वरची तळी असते. खालची तळी तुळशीखाली किंवा पाण्याच्या टाकीला टेकण म्हणून सापडेल. दोन्ही एकाच जात्याच्या आहेत ना, याची खात्री करा. वेगवेगळ्या जात्यांच्या तळ्यांचा संसार टिकत नाही. घरात नुकतं लग्न झालं असेल तर शोधाशोध वाचते. हळद दळायला जातं लागतंच, म्हणून ते आधीच कुणीतरी धुऊन, हळकुंड-सुपारी बांधून मांडलेलं असतं. त्या दिवशी सवाष्णी त्याला हात लावतात, गाणी म्हणतात, फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी ते परत न्हाणीपाशी जायच्या आत ताब्यात घ्या. उचलायला दोघं लागतील. आजीचं जातं आपल्यालाच हवं असं सगळ्या चुलतभावांना वाटत असतं, पण उचलायच्या वेळी एकही सापडत नाही.

वाचक पुरुष आहे असं इथे मुद्दाम धरलं आहे. जात्यावरच्या पिठाची चव गेली, ही तक्रार मी आजवर पुरुषांकडूनच ऐकली. ज्यांनी दळलं, त्या म्हाताऱ्या गिरणीबद्दल एक वाकडा शब्द बोलत नाहीत.

आता दुरुस्ती. दोन्ही तळ्या साध्या पाण्याने घासून धुवा. साबण नको, दगड तो वास धरून ठेवतो. मग उन्हात ठेवा. परभणीचं मे महिन्यातलं ऊन यासाठीच आहे. खालच्या तळीच्या मध्यभागी लोखंडी खीळ असते, तिच्यावर वरची तळी फिरते. गंजली असेल तर घासा, हलत असेल तर लोहाराकडे जा. वरच्या तळीत खुंटा ठोकायचा तो वाळलेल्या बाभळीचा. ओल्या लाकडाचा ठोकला तर वाळताना आकसतो आणि ऐन दळणात हातात येतो.

खरं काम आहे टाकी लावण्याचं. वर्षानुवर्षांच्या दळणाने दगड गुळगुळीत होतो, मग दाणा चिरडत नाही, नुसता घसरतो. छिन्नी-हातोडीने तळीच्या अंगाला बारीक खाचे पाडायचे, मधल्या तोंडाजवळ थोडे खोल आणि काठाकडे उथळ. दाणा आत शिरतो तिथे जागा हवी, पीठ बाहेर पडतं तिथे दोन्ही दगड जवळ यायला हवेत. ‘टाकीऽऽ लावायची का टाकीऽऽ’ अशी आरोळी देत वडार समाजाच्या बाया पूर्वी गल्लोगल्ली फिरत. जात्याला, पाट्याला तासाभरात टाकी लावून होई. अशी बाई आज भेटली तर घासाघीस करू नका. न भेटल्यास व्हिडिओ पाहून अँगल ग्राइंडर चालवायचा मोह टाळा. त्याने दगड आणखी गुळगुळीत होतो आणि धूळ तुमच्या छातीत जाते. कुठे उंचवटा राहिला का, हे पाहायला खालच्या तळीवर गेरू पातळ फासून वरची तळी एक फेरा फिरवा. वरच्या तळीला जिथे रंग लागेल, तिथे पुन्हा टाकी.

पहिलं दळण खाऊ नका. जुनी, किडकी ज्वारी दळा आणि फेकून द्या, तिच्यासोबत दगडाची कच जाते. इजिप्तच्या ममींचे दात झिजलेले सापडतात, त्याचं एक कारण भाकरीतली वाळू आणि दगडाची कच हेच सांगतात. तुमच्या दाताच्या डॉक्टरला ममीपर्यंत जायची गरज पडणार नाही.

इथवर यंत्र तयार झालं. फक्त मोटर बसवायची राहिली.

घरगुती चक्कीला साधारण एक अश्वशक्तीची मोटर असते, म्हणजे 746 वॅट. धडधाकट माणूस सलग राबला तर 75 वॅटच्या आसपास ताकद देतो. दहा माणसं बसवा, एक चक्की होते. आपल्या घरी दहा नव्हत्या, एक किंवा दोन होत्या, आणि त्या पहाटे चारला उठत. एकदाच आठवड्याचं दळून का ठेवत नव्हत्या, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते. म्हणून रोज दळण, रोज पहाट. पाच-सहा माणसांच्या घराला दिवसाला किलो-दीड किलो पीठ लागतं, सणावाराला जास्त.

या मोटरीची एक जुनी नोंद आपल्याच जिल्ह्यातल्या बाईची आहे. संत जनाबाई गंगाखेडची. पंढरपुरात दामाशेटींच्या घरी राबायची आणि विठ्ठल तिला दळू लागायचा, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून जातंही दाखवतात. नवशिक्याने या कथेतला तांत्रिक भाग नीट पाहावा. देव आला तो पिठाची चव वाखाणायला नव्हे. त्याने खुंटा धरला.

जात्याला आवाजाची सोयही आहे, पण ती मोटरीसोबतच येते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, त्यांत आपल्या ताडकळसच्याही आहेत. भाऊ, माहेर, नवऱ्याचा जाच, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. दिवसा जे बोलायची सोय नव्हती ते घरघरीच्या आड पहाटे बोललं गेलं. तुम्ही दळताना मोबाईलवर गाणी लावलीत तर चालेल, पण घरघरीत ऐकू येणार नाहीत.

धान्य कोणतं? मालदांडी उत्तम. कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ही दाण्याला टपोरी. ‘परभणी शक्ती’ हे वाण 2018 मध्ये आलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. ते निवडणाऱ्याने सोबत दगडाची कच जाऊ नये एवढं पाहावं. मूठ-मूठच वैरा. भसाभस वैरलं की भरड पडते. तूर भरडायची असेल तर खिळीला चिंधीची चुंबळ घाला, वरची तळी जराशी उचलली जाते आणि दाण्याची डाळ होते. नवशिक्याने खरं तर डाळीपासूनच सुरुवात करावी, तिला ताकद कमी लागते आणि कौतुक तेवढंच होतं.

बसताना एक पाय लांब, एक दुमडून. खांदा भरून आला तर हात बदला. दोन्ही भरून आले तर समोर कुणालातरी बसवा आणि दोघांनी खुंटा धरा. ते कुणीतरी बायकोच असावं असं नाही. चुलतभावांना फोन करून पाहा.

पीठ जाडं आलं तर टाकी पुन्हा तपासा. जातं एका बाजूला ओढत असेल तर जमीन सपाट नाही. दळणारा मधेच उठून जात असेल तर त्यावर उपाय नाही, पूर्वी तशी सोयच नव्हती. भाकरीच्या वेळेपर्यंत पीठ पुरं पडलं नाही तर गिरणी उघडी आहे का पाहा. डब्यावर फडकं बांधून न्या आणि आधी गव्हाचं दळण झालं असेल तर पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढायला सांगा.